डावीकडे कललेला देव

मित्रांनो, मी एक जुना मैलाचा दगड आहे. दगड आहे, देव नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेली साठ वर्षं मला कोणी हे बोलूच दिलेलं नाही. नागपूरहून निघालात, कामठी ओलांडलीत आणि कन्हान नदीच्या जुन्या घाटावर उतरलात, की तुम्हाला शेंदराचा एक मोठा गोळा दिसेल. त्याला कवड्यांचे डोळे लावलेले आहेत आणि पुढ्यात नारळाच्या करवंट्यांचा ढीग आहे. त्या गोळ्याच्या आत मी आहे. हात जोडू नका. मला त्याचा राग येतो.

माझा जन्म नागपूरजवळच्या एका खाणीतला. मध्यप्रांताचा कारभार नुकताच सुरू झाला होता आणि साहेबलोकांना रस्ते मोजायची भारी हौस होती. एका पाथरवटानं तीन दिवस खपून मला घडवलं. त्याचा हात इतका बसलेला होता की एकही अक्षर वाकडं गेलं नाही. वरती इंग्रजी आणि खाली आपली बाळबोध अक्षरं. एका अंगाला नागपूर, अकरा मैल. दुसऱ्या अंगाला जबलपूर, एकशे पंचावन्न मैल. ओव्हरसियरनं ओळंबा लावून मला घाटाच्या तोंडाशी उभं केलं आणि चांगला सरळ बसलाय म्हणून माझ्या डोक्यावर थाप मारली. त्या थापेचा मला बरीच वर्षं अभिमान होता.

तेव्हा माझे दिवस चांगले होते. दर वर्षी पोळ्यानंतर मला चुना लागायचा आणि अक्षरं काळ्या रंगानं पुन्हा भरली जायची. गाडीवान मला पाहून बैल सोडायचे. डाकेचा हरकारा माझ्यावर हात टेकून दम घ्यायचा आणि पुढे पळायचा. ज्याला वाचता येत नव्हतं तो दुसऱ्याला विचारायचा आणि दुसरा मला वाचून सांगायचा. मी कोणाला जा म्हटलं नाही, जाऊ नको म्हटलं नाही. किती लांब आहे एवढंच सांगायचं आणि गप्प राहायचं, हे माझं काम. ते मी चोख करत होतो.

मग कन्हानवर दगडी पूल झाला. रस्ता पुलाकडे वळला, त्यावर नवे दगड बसले, आणि मला उचलून न्यायचं कोणाच्या ध्यानातच आलं नाही. सरकारी माणसं कागदावरून एक रेघ खोडतात आणि जेवायला जातात. त्याच पावसाळ्यात कापसाची एक भरलेली गाडी घाटाच्या चिखलात घसरली आणि तिच्या चाकाची मला धडक बसली. मी डावीकडे चार बोटं कललो. कोणी सरळ केलं नाही. मित्रांनो, ही चार बोटं लक्षात ठेवा. पुढचा सगळा सत्यानाश त्यांनीच केला.

घाटावरच्या गावात भागीरथा नावाची एक म्हातारी होती. तिची म्हैस हरवली. तीन दिवसांनी ती म्हैस माझ्या अंगाला अंग घासत उभी असलेली सापडली. तिला खाज सुटली होती, दुसरं काही नाही. पण भागीरथेनं घरी जाऊन शेंदूर आणि तेल आणलं आणि मला नखशिखांत माखलं. माझी अक्षरं त्या दिवशी बुजली. गावानं माझं नाव वाटोबा ठेवलं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी सोसलं असतं. पण भागीरथेच्या मुलाला कामठीला नोकरीवर जायचं होतं. तिनं मला कौल लावला. म्हणजे माझ्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओलं फूल चिकटवलं. उजवं आधी पडलं तर जा, डावं पडलं तर जाऊ नको. माझा डावा खांदा उतरता, तेव्हा कोणतं फूल घसरणार हे शेळीच्या पिल्लालाही सांगता आलं असतं. डावं पडलं. मुलगा घरी राहिला. पुढच्याच महिन्यात कामठीत पटकीची साथ आली आणि माणसं पटापट मेली. झालं. वाटोबा जागृत देव ठरला.

त्यानंतर गावातलं माणूस कुठेही निघालं की आधी माझ्याकडे. एका बाईला आजारी आईला भेटायला माहेरी जायचं होतं. डावं फूल. आई गेली, भेट नाही झाली. एका म्हाताऱ्याचे डोळे दाखवायला त्याला नागपूरला न्यायचं होतं. डावं फूल. तो आंधळा झाला आणि लोक म्हणाले, देवाची मर्जी. माझी कसली मर्जी? माझा एक खांदा खाली होता! इतक्या वर्षांत उजवं फूल एकदाही पडलं नाही, याचं एकाही शहाण्याला नवल वाटलं नाही. उलट वाटोबा मोठा कडक आहे, असं माझं नाव झालं. थोडे लबाड होते ते मला न विचारता गुपचूप पुलावरून जायचे आणि परत आल्यावर नारळ फोडून माफी मागायचे. मला तेच लोक आवडायचे.

आता शामलाबद्दल सांगतो. माझा खरा राग तिच्यासाठी आहे.

शामला ही रामाजीची मुलगी. रामाजीची संत्र्याची बाग माझ्या पाठीमागेच होती. शामला तेरा वर्षांची, सडपातळ आणि जिभेला मुळीच हाड नसलेली. गावात मुलींचा एक वर्ग निघाला होता आणि नागपुरातल्या महाल पेठेतून यमुताई नावाच्या बाई तिथं शिकवायला आल्या होत्या. वर्ग सुटला की शामला बागेत राखणीला यायची आणि मला पाठ टेकून, नदीकडे तोंड करून बसायची. मी देव आहे हे ती सोयीस्कर विसरायची.

तिथं बसून ती आपण कुठे कुठे जाणार ते सांगायची. कोणाला? मलाच, दुसरं कोण होतं? सगळ्यात आधी जबलपूरजवळचा नर्मदेचा धुवांधार पाहायचा. यमुताईंनी सांगितलं होतं की तिथं पाणी इतक्या जोरात पडतं की त्याचा धूर होतो, आणि पुढे नदीच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या दगडाचे उंच कडे आहेत. पाण्याचा धूर कसा होईल, यावर ती दोन-दोन तास विचार करायची. धुवांधार झाला की समुद्र. समुद्रात किती कन्हान मावतील याचा तिचा हिशोब रोज बदलायचा. मग बर्फ पडतो तो डोंगर, पण तिथं जायचं तर घोंगडी कोणाची न्यायची हे ठरत नव्हतं. मित्रांनो, मी जन्मभर एका जागी उभा आहे. तरी तिचं ऐकताना मला पाय फुटावेत असं वाटायचं.

एका उन्हाळ्यात माझ्या शेंदराची एक खपली उन्हानं तडकून गळाली. खाली अक्षर दिसलं. शामलानं ते वाचलं. ज. मग तिनं बाभळीच्या काट्यानं हळूहळू कोरून पुढची अक्षरं वाचली. मी कोण आहे ते चाळीस वर्षांनी कोणाला तरी कळलं. ती खूप वेळ हसली आणि मग बोटानं शेंदूर सारवून तिनं ती जागा झाकून टाकली. तिनं कोणाला सांगितलं नाही. तेव्हाच सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण तेरा वर्षांच्या मुलीला दोष देणारा मी कोण?

त्या वर्षी शामलाचं लग्न ठरलं. वैशाखातला मुहूर्त निघाला. दिवाळीनंतर यमुताई पंधरा दिवस जबलपूरला भावाकडे जाणार होत्या. त्या स्वतः रामाजीच्या घरी गेल्या आणि शामलाला बरोबर नेते म्हणाल्या. कन्हान स्टेशनावर रेल्वेत बसायचं, गोंदियाला अरुंद रुळांवरची छोटी गाडी धरायची की जबलपूर. धुवांधार दाखवते आणि जशी नेली तशी आणून सोडते, असा त्यांनी शब्द दिला. शामलाची आई कौसल्या चटकन हो म्हणाली. लग्नानंतर पोरीला कोण कुठे नेणार, एकदा जाऊ दे, असं तिचं म्हणणं. रामाजी वाईट माणूस नव्हता. तोही नाही म्हणाला नाही. तो एवढंच म्हणाला की वाटोबाला विचारतो.

निघायच्या दिवशी सकाळी यमुताईंचा छकडा घाटाच्या माथ्यावर येऊन थांबला. शामला नवं लुगडं नेसून, गाठोडं काखेत धरून आली होती. रामाजीनं मला अंघोळ घातली, शेंदूर लावला, दोन्ही खांद्यांवर झेंडूची ओली फुलं चिकटवली आणि डोळे मिटून विचारलं. मित्रांनो, मी त्या दिवशी सगळा जोर लावला. दगडाला जेवढा लावता येतो तेवढा लावला. डावं फूल घसरलं आणि खाली पडलं.

रामाजी उठला. बाई, देव नाही म्हणते, असं यमुताईंना सांगून तो घराकडे वळला. तेव्हा शामला पुढे आली.

"बाबा, थांबा. हा कलून हाये. याले काहीबी विचारा, डावंच फूल पडते."

रामाजीनं तिला गप्प बसायला सांगितलं. ती बसली नाही. तिनं खाली पडलेलं फूल उचलून पुन्हा माझ्या खांद्यावर चिकटवलं आणि मला मोठ्यानं विचारलं, "वाटोबा, उद्या सूर्य उगवावा का नको?"

डावं फूल पडलं.

"पाहा. नको म्हणते. मंग उद्या अंधार राहीन का?"

छकडेवाला हसला. रामाजी हसला नाही. शामलानं बागेतलं खुरपं आणलं आणि माझ्या अंगावरचा शेंदूर ती खरवडू लागली. चाळीस वर्षांचे थर होते ते. त्यांच्या खपल्या खाली पडत होत्या आणि माझ्या अंगाला वारा लागत होता. इतकं सुख मला कधी झालं नव्हतं. अक्षरं उघडी पडली. यमुताई छकड्यातून उतरून जवळ आल्या, त्यांनी पाहिलं आणि त्या हळूच म्हणाल्या, "रामाजी, यावर काय लिहिलंय ते वाचून दाखवू?"

"वाचू नका, बाई," रामाजी म्हणाला.

तो माझ्यासमोर उकिडवा बसला. त्यानं माझ्या कललेल्या खांद्यावरून हात फिरवला, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. अडाणी असला तरी शेतकरी माणूस, उतार त्याला हाताला कळतो.

"अठरा वर्साचा होतो मी," तो म्हणाला. "बंगालच्या रेल्वेच्या कामावर माणसं भरती करून राहिले होते. मले समुद्र पाहाचा होता. याले विचारलं आन् राहून गेलो. आता हा दगड हाये म्हणता, तं मंग मी कोणाच्या सांगण्यानं राहिलो?"

मला आठवलं. गळ्यात लाल रुमाल बांधलेला, मिशी नुकती फुटलेला तो पोरगा मला आठवला. त्याचंही डावं फूल मीच पाडलं होतं.

मला वाटलं, आता हा उठेल आणि मला लाथ घालेल. घालावी, असं मला मनापासून वाटत होतं. मग लेकीला छकड्यात बसवेल. पण रामाजीनं शेंदराची वाटी ओढली, त्यात तेल ओतलं आणि दोन्ही हातांनी मला पुन्हा माखायला घेतलं. आधी जबलपूर बुजवलं. मग नागपूर. त्याच्या डोळ्यांतलं पाणी शेंदरात पडत होतं आणि तो तसाच माखत होता. मी दगड ठरलो असतो तर त्याचा जन्म फुकट गेला असता. त्याला ते झेपलं नाही. म्हणून त्यानं आपल्या लेकीचं जाणं माझ्याखाली पुरलं. त्या माणसाची मला कीव येते आणि त्याचा मला संतापही येतो, आणि इतकी वर्षं झाली तरी यातलं काहीच कमी होत नाही.

गाडीची वेळ झाली तसा यमुताईंचा छकडा निघाला. वळणावर दिसेनासा होईपर्यंत त्या मागे वळून पाहत होत्या. शामलाच्या हातात खुरपं तसंच होतं.

वैशाखात तिचं लग्न नागपुरातल्या सक्करदऱ्याकडच्या एका घरात झालं. वरात परत जाताना गाड्या माझ्यापाशी थांबल्या. नवरा पाया पडला, सासरा पडला, भागीरथेचा म्हातारा झालेला मुलगाही पडला. सासूनं शामलाला पुढे ढकललं. ती माझ्यासमोर नुसती उभी राहिली. तिनं हात जोडले नाहीत. साठ वर्षांत मला एवढा मान दुसऱ्या कोणी दिला नाही. ती पुन्हा कधी घाटावर आली नाही, आणि तिनं धुवांधार पाहिला की नाही हे मला सांगायला कोणी थांबत नाही.

मित्रांनो, रस्त्याकडेच्या दगडांची निगा राखा, असं मी तुम्हाला सांगायला हवं. राखा. माझ्यासारखा कोणी कललेला दिसला तर सरळ करा, शेंदूर दिसला तर खरवडा, खाली अक्षरं असतील. पण तेवढ्यानं माझा राग जाणार नाही. तुमच्या घरातली मुलगी उद्या गाठोडं बांधून दारात उभी राहील. तेव्हा तिचे वडील पंचांग पाहतील, शेजारी पाहतील, भिंतीवरच्या पालीकडेही पाहतील. तुम्ही तिच्याकडे पाहा. त्या दिवशी घाटावर माझं मत दोनदा घेतलं गेलं. शामलाला एकदाही कोणी विचारलं नाही, बाई, तुला जायचं आहे का?