ठेंगण्या फलाटावरची घडवंची

मित्रांनो, मी एक जुनी घडवंची आहे. हसू नका. घडवंची म्हणजे काय, हे तुमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नसेल, म्हणून आधी तेवढे सांगून टाकते. चार पाय, दोन पायऱ्या आणि वर एक रुंद फळी. जिथे हात पोचत नाही तिथे हात पोचवायचा, पाय पोचत नाही तिथे पाय, एवढेच आमचे काम. माझ्या बहिणी कुणाच्या माळ्याखाली असतील, कुणाच्या दुकानात असतील. मी मात्र रेल्वेत लागले.

आमचे स्टेशन लहान आणि त्याला फलाट एकच. तोही ठेंगणा. तो बांधला तेव्हा गाड्याही ठेंगण्या होत्या. पुढे डबे बदलले, रुळांखाली दर थोड्या वर्षांनी नवी खडी पडत गेली, रूळ वर वर चढले आणि फलाट बिचारा जिथल्या तिथे राहिला. डब्याचे दार माणसाच्या कंबरेला लागू लागले. तरणीताठी माणसे दांडी धरून उडी मारत. म्हातारी, लेकुरवाळी आणि जड अंगाची माणसे मात्र दाराकडे बघत उभी राहत. गाडी तरी किती थांबणार? दम खाते आणि निघते.

ही ओढाताण बघवेना म्हणून स्टेशनवरच्या हमालाने सुताराच्या मागे लकडा लावला. या हमालाला सगळे लंबूकाका म्हणत. उंचीने ते माझ्याहून फार मोठे नव्हते, पण नाव पडले ते पडले. सुताराने मोडीत निघालेल्या डब्यातली बाके घेतली, एकेक फळी बोटाने ठोकून पाहिली आणि मला घडवले. म्हणजे मी जन्माआधीपासूनच रेल्वेची. याचा मला पुढे बराच गर्व झाला, तो ओघात येईलच.

माझे दिवस फार चांगले गेले. गाडीची शिट्टी झाली की लंबूकाका मला खांद्यावर टाकत आणि ज्या दारापाशी अडलेले माणूस दिसेल तिकडे धावत. माझ्यावर पाय ठेवून माणसे वर जात, आणि जाता जाता म्हणत, "ही आहे म्हणून बरं!" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले की मला वाटू लागले, हे स्टेशन माझ्याच चार पायांवर उभे आहे.

स्टेशनासमोर एक घड्याळजी राहत. घड्याळे दुरुस्त करून त्यांची पाठ वाकली होती आणि गुडघे केव्हाच रुसले होते. त्यांच्या बायकोला सगळे काकू म्हणत. काकूंना मणक्याचे दुखणे जडले आणि त्यांना मोठ्या शहरातल्या इस्पितळात ठेवायचे ठरले. त्या निघाल्या त्या दिवशी लंबूकाकांनी मला इतक्या अलगद टेकवले की बूडसुद्धा वाजले नाही. काकू वर चढल्या आणि दारातून वळून म्हणाल्या, "लंबूभावजी, मी परत येईन तेव्हा हिला दारापाशी तयार ठेवा हं. नाहीतर मी उतरणारच नाही."

"ठेवतो वहिनी. शब्द दिला," लंबूकाका म्हणाले.

तेव्हापासून घड्याळजी दर आठवड्याला काकूंना भेटायला जात. डबा हातात, कोट अंगात, आणि पाय माझ्यावर. इस्पितळाला वेळेत पोचायला सकाळची हीच एक गाडी होती. ती चढता आली तर काकूंची भेट, नाहीतर नाही.

घड्याळजींची लेक औषधांच्या दुकानात काम करायची. तिला सगळे ताई म्हणत. वडिलांना चढताना पाहून तिचा जीव टांगणीला लागायचा. फलाट उंच करा, अशी तक्रार तिने रेल्वेच्या वरच्या कचेरीत केली. इतरांनीही केली. प्रत्येकाला एकच उत्तर आले, तक्रारीची नोंद घेतली आहे. नोंद घेऊन ती कुठे ठेवतात, देव जाणे. ताई काही गप्प बसणारी नव्हती. कागदी घोडे नाचवून झाल्यावर ती स्वतः कचेरीत गेली आणि म्हणाली, "उत्तर नको. तुम्ही या आणि बघा." अखेर एक साहेब पाहणीला येणार असे ठरले.

आता आमच्या माणसांची गंमत ऐका. साहेब येणार म्हणून प्रवासी झाडून सगळे हजर. गाडी आली, दारात साहेब दिसले, आणि सवयीने लंबूकाकांनी धावत जाऊन मला बरोबर त्यांच्या पायाशी टेकवले. सवयीनेच घड्याळजींनी हात पुढे केला. "या साहेब, सांभाळून." कुणी त्यांची पिशवी धरली, कुणी कोपर धरले. साहेब असे उतरले, जसे घरच्या ओट्यावरून अंगणात उतरावे.

उतरल्यावर ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "कुठंय अडचण? मी तर सहज उतरलो."

साहेबांनी माझी फळी थोपटली. "छान सोय केली आहे. हिला वर्षाच्या वर्षाला रंग देत जा," असे स्टेशनमास्तरांना सांगितले आणि जाताना पुन्हा माझ्यावरूनच वर गेले. थोड्या दिवसांनी कळले, तक्रार निकाली निघाली. कारण, पायरीची सोय उपलब्ध आहे.

मित्रांनो, ताई त्या दिवशी बाकावर डोके धरून बसली होती आणि मी मात्र फुगले होते. एवढ्या मोठ्या साहेबांनी माझी फळी थोपटली होती! ज्याचे जळते त्यालाच कळते. माझे कुठे काय जळत होते?

मग एका सकाळी तो प्रसंग घडला. गाडीला गर्दी होती. पुढच्या डब्यापाशी एक बाई कडेवर तान्हे मूल घेऊन अडली होती, म्हणून लंबूकाका मला घेऊन तिकडे धावले. घड्याळजी मागच्या डब्यापाशी होते. मी परत येईपर्यंत गाडी थांबेल असे त्यांना वाटले नाही. त्यांनी दांडी धरली, पाय उचलला, गुडघा ऐन वेळी वाकेना, आणि ते फलाटावर कोसळले. हाती असलेला डबा उघडून सगळे सांडले. मनगट मोडले होते. गाडी निघून गेली. लंबूकाका मला तिथेच टाकून पळाले आणि मी आडवी पडून ते सगळे पाहत राहिले. दारे इतकी आणि मी एकटी, हे मला इतकी वर्षे कधी सुचलेच नव्हते.

घड्याळजींचे जाणे बंद झाले. ताई एकटीच इस्पितळात जाऊ लागली आणि एकटीच परत येऊ लागली. तिने नव्याने तक्रार केली. उत्तर तेच आले, पायरीची सोय उपलब्ध आहे. तेव्हा तिने एकटीने भांडणे सोडले. रोजच्या प्रवाशांना बाकापाशी जमवले आणि सगळे मिळून कचेरीत गेले. साहेबांना पुन्हा यावे लागले.

साहेब येण्याच्या आदल्या दिवशी ताई लंबूकाकांना म्हणाली, "काका, उद्या घडवंची बाहेर काढायची नाही."

लंबूकाका गडबडले. "अगं, मला विचारलं तर काय सांगू? मोडली म्हणून सांगू? मला खोटं बोलता येत नाही. बोललो की कान लाल होतात माझे."

स्टेशनमास्तर तिथेच उभे होते. मास्तर म्हणजे भित्रा माणूस. वरच्या कचेरीत कुणी शिंकले तर हे इकडे रुमाल काढायचे. ते म्हणाले, "असलं काही माझ्या कानावर घालू नका." आणि पाठ फिरवून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी स्वतः मला सिग्नलचे कंदील ठेवायच्या दिव्यांच्या खोलीत नेले, बाह्या सरसावल्या आणि हिरव्या रंगाचा डबा उघडला. जन्मात कधी ब्रश धरलेला नसावा. माझ्यावर असा जाड थर चढवला की ओघळ पायापर्यंत आले. मग दार सताड उघडे ठेवून ते लंबूकाकांना म्हणाले, "साहेबांचाच हुकूम आहे, वर्षाच्या वर्षाला रंग. आता ओली आहे. कुणी पाय ठेवायचा नाही." आणि हात पुसत पुसत फलाटावर गेले. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

मला भयंकर राग आला. ज्या दिवशी माझी खरी गरज, त्याच दिवशी मला रंगवून कोपऱ्यात बसवले! उघड्या दारातून मला फलाट दिसत होता. गाडी आली. साहेब दारात आले, त्यांनी खाली पाहिले आणि वाट पाहत उभे राहिले.

घड्याळजींचा चांगला हात आपसूक पुढे गेला. ताईने तो धरून मागे घेतला. "बाबा, आज नाही."

"अगं, पाहुणा माणूस आहे तो."

"म्हणूनच. बघू दे त्यांना."

सगळ्यांचे हात शिवशिवत होते, पण कुणी पुढे झाले नाही. साहेबांनी आधी पिशवी खाली टाकली. मग चक्क दारात बसले आणि लहान मुलासारखे घसरत घसरत उतरले. कुणी हसले नाही. खरे सांगायचे तर कुणाला हसू आलेच नाही. ते पाहताना प्रत्येकाला आपली आई नाहीतर आपला बाप दिसत होता.

परतीची गाडी लगेच होती. साहेबांनी दांडी धरली, एक पाय वर नेला, तो तिथवर जाईना. दुसऱ्यांदा प्रयत्न केला. तोवर गार्डाने झेंडा दाखवला. साहेबांनी दांडी सोडली आणि गाडी त्यांना टाकून निघून गेली. पुढची थेट संध्याकाळी होती.

ते बाकावर येऊन बसले. शेजारी घड्याळजी होते. थोड्या वेळाने साहेबांनी विचारले, "हाताला काय झालं?"

"पडलो."

"कुठं?"

"तुम्ही आत्ता उभे होतात तिथंच."

"तेव्हा पायरी नव्हती का?"

"होती की. पुढच्या डब्यापाशी होती. तिथं लेकुरवाळी बाई होती, तिला जास्त गरज होती."

"मग आता कसे जाता?"

"जात नाही," घड्याळजी म्हणाले. "लेक जाते. बायको तिला विचारते, तुझे बाबा का येत नाहीत? ही सांगते, दुकानात गर्दी आहे. घड्याळाच्या दुकानात आजकाल गर्दी असते का हो, साहेब? नसते, हे बायकोलाही ठाऊक आहे. पण ती पुढं काही विचारत नाही."

ताईने साहेबांना पाणी आणून दिले, ते त्यांनी प्यायले. संध्याकाळी माझा रंग वाळला होता. लंबूकाकांनी मला आणून साहेबांच्या दारापाशी ठेवले. साहेबांनी माझ्यावर एक पाय ठेवला आणि तसेच थांबून गाडीच्या सगळ्या दारांकडे पाहिले.

"ही एकच आहे?"

"एकच," मास्तर म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा मोठा निघाला.

या वेळी साहेबांनी माझी फळी थोपटली नाही. आणि मित्रांनो, मला त्याचे वाईटही वाटले नाही. इतकी वर्षे मी लोकांना वर चढवत होते हे खरे, पण फलाटाचे ठेंगणेपणही मीच झाकत होते. मी चांगली होते म्हणून कुणाला काही वाईट दिसत नव्हते.

त्यानंतर काम लगेच सुरू झाले असे समजू नका. ताईला आणखी खेटे घालावे लागले. पण अखेर खडी आली, सिमेंट आले, फलाट अर्धा अर्धा करून उंच झाला आणि डब्याच्या दाराशी येऊन भिडला. घड्याळजी पुन्हा इस्पितळाला निघाले त्या दिवशी मजा झाली. दारापाशी येताच त्यांनी सवयीने पाय उंच उचलला, माझ्या पायरीसाठी, आणि तो हवेतच राहिला. मग स्वतःशीच हसत त्यांनी तो सरळ आत टाकला.

माझी रवानगी दिव्यांच्या खोलीत झाली. अंगावर रंगाचे डबे आले, एक पाय ओलीने फुगला. कुणाला माझी आठवण नव्हती. खोटे कशाला बोलू, वाईट वाटायचे. गाडीची शिट्टी झाली की अजूनही अंग सावरून बसायची.

एके दिवशी लंबूकाका घाईने आत आले. त्यांनी डबे खाली उतरवले, मला पुसले, फुगलेल्या पायावर दोन खिळे मारले आणि खांद्यावर टाकले. वाटेत मास्तर म्हणाले, "अहो, ही आता कशाला?"

"शब्द दिलाय," लंबूकाका म्हणाले.

गाडी थांबली. दारात काकू होत्या. शेजारी घड्याळजी, मागे सामान घेऊन ताई. काकूंनी अजून नवा फलाट पाहिला नव्हता. दांडी घट्ट धरून त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "घडवंची कुठंय? तिच्याशिवाय मी उतरणार नाही."

"ही बघा वहिनी, आणली," लंबूकाका मला पुढे करत म्हणाले.

"नको आता तिची गरज," घड्याळजी म्हणाले. "खाली बघ. टाक पाय सरळ."

काकूंनी खाली पाहिले. पाय टाकला. दुसरा टाकला. फलाटावर उभ्या राहून त्या एकदा दाराकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना चांगलीच धाप लागली होती.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखे कुणी झिजलेले असेल तर त्याला ओलीत टाकू नका, खिळा सैल झाला तर ठोका. एवढे तर मी मागणारच. पण कुणी पडेल अशी जागा दिसली तर नुसता हात देऊन थांबू नका. ती जागा तशी का आहे, हेही विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. ताईने विचारले नसते तर मी आजही कौतुक करून घेत फलाटावर मिरवले असते, आणि मी दुसऱ्या दारापाशी असताना काकू दारातच अडून राहिल्या असत्या.

गाडी गेली. लंबूकाका मला उचलू लागले, तेव्हा काकूंनी त्यांना थांबवले.

"राहू द्या भावजी. घर समोरच आहे, पण पाठ भरून आली आहे. जरा टेकते." आणि त्या माझ्या फळीवर बसल्या. घड्याळजी पायरीवर बसले. दोघांचे वजन एकदमच आले, पण मी जरासुद्धा कुरकुरले नाही.