काळ्या कड्या

तिने खेळातल्या आगगाडीचं इंजिन जुन्या टॉवेलवर उताणं ठेवलं आणि शिवणयंत्राच्या पेटीतला बारका स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या तळपट्टीला लावला.

"हात लावू नकोस त्याला," खुर्चीतून नवरा म्हणाला. चार महिन्यांपूर्वी अर्धांगवायूने त्याचा उजवा हात गेला होता. जीभ मात्र शाबूत होती.

"लावला."

चाळीस वर्षं हे रूळ मांडलेलं टेबल त्याचं होतं. तिने फक्त धूळ पुसायची, तीही रूळ सोडून. याच बोटांनी तिने लोकांचे कोट उसवून पुन्हा शिवले, पण इंजिन म्हटलं की, "तुला नाही जमायचं." आता झिजलेली चाकं रुळांवर घसरत होती. नवी चाकं त्याने आजारपणाआधीच मागवली होती. काल मात्र त्याने फर्मावलं, सगळं भंगारात दे.

"माझ्याने होत नाही, तर कुणीच करायचं नाही."

"तुमचं आपलं मोडेन पण वाकणार नाही. मी जन्मभर यंत्रावर वाकूनच पोट भरलंय."

तिने चिमट्याने जुने तीन आस काढले, चाकांसकट नवे बसवले, पट्टी आवळली. इंजिन रुळांवर ठेवून बटण फिरवलं. इंजिन हललं नाही. बटणाशेजारचा शॉर्टसर्किटचा लाल दिवा लागला.

"झालं समाधान?"

इंजिन पुन्हा उताणं करून तिने भिंग धरलं. प्रत्येक आसाच्या एका चाकाला वीज अडवणारी काळी कडी होती. दोन कड्या डावीकडे, तिसरी उजवीकडे.

"हा आस उलटा बसलाय. दिसत होतं तुम्हाला."

"होतं."

"आणि मजा बघत बसलात."

तो खिडकीकडे बघू लागला. तिने आस फिरवून बसवला. या खेपेला इंजिन सरसरत निघालं, बोगद्यात शिरलं, बाहेर आलं. दोन फेऱ्या झाल्या. नवऱ्याचा डावा हात हळूच बटणाकडे आला.

"थांबा. माझ्या फेऱ्या व्हायच्यात अजून."

त्याने हात मागे घेतला. आणखी तीन फेऱ्या झाल्यावर तो खाकरला.

"कपाटातल्या हिरव्या इंजिनाचीही चाकं बदलायला झालीत. मी सांगतो, तू कर."

"सांगायचं तर सगळं सांगायचं."

"सगळं सांगेन."

हिरव्याची चाकं त्याने गेल्याच वर्षी बदलली होती; त्या चाकांचं पार्सल तिनेच दारात घेतलं होतं. तिने गाडी थांबवली आणि कपाट उघडलं.