चंदेरी हाताला दिलेला चहा

यंत्र आणि आत्मा यांचं मानवजातीच्या इतिहासातलं पहिलं मीलन सुरतेत, गोडादऱ्यातल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये, रविवारी सकाळी साडेनऊला होणार होतं. ते साडेदहाला झालं, कारण माइकची वायर उंदराने कुरतडली होती.

विशाखाताई मागच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. एका ट्रस्टच्या दवाखान्यात कृत्रिम हातपाय बसवण्याचं काम त्या अठरा वर्षं करत होत्या, आणि रविवार ही त्यांची एकुलती एक सुट्टी. या अठरा वर्षांत त्यांच्या पेशंटांनी पट्ट्याऐवजी गंडा बांधला होता, औषधाऐवजी अंगारा खाल्ला होता, आणि एकाने तर व्यायामाऐवजी बकऱ्याचा नवस बोलला होता. चमत्कार म्हटला की आता त्यांना राग येत नसे. पाय दुखत.

स्टेजवर योगराज बापू होते. गळ्यात रुद्राक्ष, कानात ब्लूटूथ. शेजारी त्यांचा शिष्य ललित, छातीपर्यंत दाढी वाढवलेला. त्याचा उजवा हात मनगटापासून पुढे लख्ख चंदेरी, आणि मनगटावरच्या काळ्या पट्ट्यात निळा दिवा लुकलुकत होता.

"माताओं, भाइयों! सायन्स काय करते? हाताला बॅटरी लावते. बॅटरी उतरते. आम्ही काय लावतो? प्राण! प्राण कधी उतरतो का?"

"मरताना उतरतो," विशाखाताई पुटपुटल्या. शेजारच्या बाईने त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

"आत सिद्ध चिप! नेटवर्क डायरेक्ट हिमालयाचं!"

त्या सोसायटीच्या जिन्यात साधा फोन लागत नसे, पण हिमालयाबद्दल कुणाला शंका आली नाही. मग ललितने तुटलेल्या दोऱ्याची दोन टोकं चंदेरी बोटांत घेतली आणि पापणी लवायच्या आत गाठ मारली. मागावरचा कारागीर मारतो तशी, बारीक आणि पक्की. गर्दीतले निम्मे लोक मागावरचेच. त्यांच्या अंगावर काटा आला. पुढच्या रांगेतल्या राघोच्या डोळ्यांत पाणी आलं.

विशाखाताई आल्या होत्या त्या या राघोसाठी. वीस वर्षं त्याने खान्देशातून येऊन लिंबायतला माग चालवले, मग तो पलसाण्याच्या डाइंगमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, लागला, आणि तिथल्या रोलरने त्याचा उजवा हात मनगटाच्या वरून नेला. ताईंनी त्याला बॅटरीचा हात बसवला होता. दंडाखालचा एक स्नायू आवळला की तो मिटे, दुसरा आवळला की उघडे. मंगळवारी सरावाला राघो आला नाही. फोन केला तर उचलला त्याच्या बायकोने. उषाबाई म्हणाल्या, "ताई, आता तुमच्या मशीनची गरज नाही. रविवारी येऊन बघा."

ताई त्याच्या शेजारी जाऊन बसल्या. "राघोदादा, हे काय चाललंय?"

"ताई, तुमचा हात घुर्र करतो. पोरं हसतात. चार आठवडे झाले, साधा चेंडू धरता येत नाही. आणि हा बघा, गाठ मारतो, गाठ!"

"म्हणून तर म्हणते. परदेशी हातसुद्धा बसवलेत मी. अशी गाठ मारणारा एकही नाही. बोटांना दोरा कळावा लागतो. यंत्राला तो असा कळत नाही."

"मग? यालाच तर चमत्कार म्हणतात ना, ताई!" उषाबाई पलीकडून म्हणाल्या.

हा युक्तिवाद ताई अठरा वर्षं ऐकत होत्या.

स्टेजसमोर एक टेबल होतं. त्यावर तांब्याची डबी आणि दाढीचं ब्लेड. बारा वाजता राघोच्या थोट्या हाताला चीर देऊन कातडीखाली चिप बसवायची होती. त्याचा पहिला नंबर.

"दादा, तुमची साखर तीनशेच्या वर आहे. जखम चिघळली तर कोपरापर्यंत कापावं लागेल. मग माझ्याकडचा हातही बसणार नाही."

"चिपने साखर पण उतरते म्हणे."

ताई उठल्या, टेबलाशी गेल्या, डबी उघडली. "हे सिमकार्ड आहे. कडा कापलेलं."

"बहेनजी," बापू माइकवरून हसले, "देह माझा पण बाहेरून माणसाचाच दिसतो!"

टाळ्या पडल्या. टेबलाशेजारी चीर देण्यासाठी एक खुर्ची मांडली होती, तिच्यात त्या बसून राहिल्या. निदान खुर्ची तरी अडली.

"उठा ना, ताई," राघो अवघडून म्हणाला.

"पाय दुखतात."

तेवढ्यात उषाबाई त्याच सोसायटीतल्या आपल्या घरून चहा घेऊन आल्या. स्टीलचा ग्लास, काठोकाठ, चुलीवरून सरळ. पदराच्या चार घड्यांत धरलेला. "पहिला चहा त्या हातालाच द्यायचा," त्यांनी जाहीर केलं. लोकांनी जयजयकार केला. ललितने बापूंकडे पाहिलं. बापूंनी गर्दीकडे पाहिलं आणि मान डोलावली. ललितने ग्लास चंदेरी मुठीत धरला.

तीन आकडे मोजण्याइतका वेळ गेला.

"ओ मा रे!" ग्लास खाली, चहा पायावर आणि चंदेरी बोटं थेट तोंडात.

ताईंना वाटलं, झालं. पण बापूंनी दोन्ही हात वर केले. "देखा! चटका बसला! हातात प्राण उतरला!"

गर्दी उसळली. एक म्हातारी रडायलाच लागली. ताईंनी डोळे मिटून घेतले.

उषाबाईंची मात्र भीतीने गाळण उडाली होती. देवाचा हात आपण भाजला! त्या पळत जाऊन खोबरेल तेलाची बाटली घेऊन आल्या आणि ललितचा हात पकडून चोळू लागल्या. "फोड येईल, भाऊ. हलू नको."

"रहने दो मौसी, मशीन आहे."

"मशीन आहे तर रडतो कशाला? गप बस!"

चार पोरं वाढवलेल्या बाईची पकड होती ती. सायन्सला जे जमलं नव्हतं ते खोबरेल तेलाने केलं. उषाबाईंचे तळवे चंदेरी झाले आणि ललितचा हात सावळा. नखं वर आली, बोटांवर दोऱ्याने पडलेले घट्टे वर आले, आणि हाताच्या पाठीवर हिरव्या अक्षरांत गोंदलेलं 'रंजना'.

उषाबाईंनी तो हात उलटापालटा करून पाहिला. "हाऊ ते माणूसना हात शे!"

"अरे, हा आपल्या मागाच्या खात्यातला ललित! दाढीत ओळखलाच नाही!" मागून कुणीतरी ओरडलं. "दिवाळीपर्यंत माझ्या शेजारच्या मागावर होता!"

मनगटावरचा पट्टा राघोनेच डाव्या हाताने ओढून काढला. आत मुलांच्या खेळण्यातला दिवा होता. खाली मनगट होतं, अखंड.

"वीस वर्षं मीबी अशाच गाठी मारत होतो," तो ललितला म्हणाला. "असल्या हाताला कशाला रंग लावला रे?"

ललितने हात पाठीमागे लपवला. बापूंना नेमका तेव्हाच हिमालयाचा कॉल आला, आणि ते बोलत बोलत रिक्षात बसले.

लोकांनी ताईंच्या हातात माइक दिला. "मला भाषण येत नाही," त्या खुर्चीतूनच म्हणाल्या. "यंत्राचा हात मिळतो. तो आवाज करतो, हळू चालतो, शिकावा लागतो. पण तो कसा चालतो ते सांगता येतं, म्हणून बिघडला तर दुरुस्तही करता येतो. जो माणूस 'कसं' विचारलं की टाळ्या मागतो, त्याच्या हाती ब्लेड देऊ नका. आधी विचारा. उत्तर मिळालं नाही तर घरी जा. एवढंच."

माइक पुन्हा बंद पडला होता. पुढच्या दोन रांगांना ऐकू गेलं.

त्यानंतरच्या सातव्या मंगळवारी दवाखान्यात उषाबाईंनी थर्मासमधला चहा स्टीलच्या ग्लासात ओतला आणि राघोसमोर ठेवला. राघोने स्नायू आवळला. घुर्र. बोटं ग्लासच्या पोटाशी आली, घसरली, पुन्हा आली, पुन्हा घसरली. आठव्यांदा मिटली. चटका बसला नाही. ग्लास टेबलावरून उचलला गेला.

चहा तोंडापर्यंत पोचला तेव्हा गार झाला होता.