निरीक्षकांनी पूर्ण नाव लिहावे

न्यायालयाच्या मेलमध्ये नियम वर होते आणि लिंक अगदी तळाशी. निरीक्षकांनी कॅमेरा व माइक बंद ठेवावा. ध्वनिमुद्रण करू नये. खोलीत दुसरे कोणी नसावे. खाऊ-पिऊ नये, आडवे होऊ नये. नियम मोडणाऱ्यास बाहेर काढण्यात येईल व त्या दिवशी पुन्हा प्रवेश मिळणार नाही.

"कॅमेरा बंद, मग आडवं झालेलं दिसणार कुणाला?" ठमीच्या पायात बूट कोंबत नवरा म्हणाला.

"तू जा बाबा तिला घेऊन. दार ओढून घे. आणि पाण्याजवळ सोडू नकोस."

"बागेत पाणी नाहीये."

"नसलं तरी."

एरवी तो यावर दिवसभर चिडवत बसला असता. आज नुसता "बरं" म्हणाला आणि लेकीला कडेवर घेऊन जिना उतरला.

आज माझ्या धाकट्या भावाला शिक्षा सुनावणार होते. तो शाळेची व्हॅन चालवायचा. गेल्या वर्षी मुलं उतरवून झाल्यावर त्यानं मागे न बघता गाडी मागे घेतली. पडलेली टोपी उचलायला एक मुलगा तिथे वाकला होता. शिशुवर्गातला. भावानं पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल केला. वकील म्हणाले, जरा दम धरा. तो म्हणाला, कशासाठी?

मी प्रत्यक्ष जाणार होते, पण त्यानंच अडवलं. "ताई, ठमीला त्या इमारतीत आणू नकोस. ती 'मामा' म्हणून ओरडली तर माझ्यानं उभं राहवणार नाही. लिंकवर ये. निकाल ऐकताना तू आहेस, एवढं कळलं तरी बास." आई दुसऱ्या गावात, गुडघ्यांनी घरात बसवलेली, आणि फोनवरचं बारीक चित्र तिला दिसत नाही. तिला मी शब्द दिला होता: जे काही असेल ते माझ्याच तोंडून कळेल, परक्याच्या नाही.

पडद्यावर कोर्टाची खोली वरच्या कोपऱ्यातून दिसत होती. भाऊ कडेला, मान खाली घालून. केस इतके बारीक कापले होते की कान उगाच मोठे वाटत होते. खाली आम्हा निरीक्षकांचे काळे चौकोन, त्यावर नुसती नावं. न्यायाधीश अजून आले नव्हते. लिपिक बाई हजेरी घेत होत्या.

"हे 'ठमीची आई' कोण आलंय? पालकसभा नाहीये ही. अर्जातलं पूर्ण नाव लिहा."

माझे कान तापले. ते अ‍ॅप मी ठमीच्या पाळणाघराच्या सभांसाठीच घेतलं होतं, आणि तिथे आम्हा बायकांना स्वतःचं नाव नसतंच. घाईघाईनं बटण शोधून मी नाव बदललं.

"आणि 'गुंड्याची आई'. तुम्हीसुद्धा."

माझं बोट पडद्यावरच राहिलं.

कागदपत्रांत त्या मुलाचं लांबलचक, भारदस्त नाव होतं. गुंड्या तिथे कुणालाच माहीत नव्हता. मला माहीत होता, कारण भाऊ आमच्याकडे आला की त्याच्याच गोष्टी सांगायचा. "गुंड्या सीटवर मावतच नाही गं ताई. पट्ट्यातून खाली घसरतो आणि वर मलाच सांगतो, 'काका, मी सांडलो.'" ठमीला तेव्हा काही कळत नसे, पण मामा हसला की तीही हसायची.

पडद्यावर भावाची मान आणखी खाली गेली. समोरचा कठडा त्यानं दोन्ही हातांनी धरला. त्यानंही ऐकलं होतं.

"गुंड्याची आई, ऐकू येतंय ना? नाव बदला, नाहीतर काढावं लागेल."

चौकोन तसाच. बटण मला आत्ताच सापडलं होतं, तिलाही सापडलं असणार. पण ते नाव स्वतःच्या बोटानं पुसायचं?

न्यायाधीश आले. सगळे उठले, बसले. त्यांनी चष्मा लावून आदेश वाचायला घेतला, आणि लिपिक बाईंनी हळूच माउस पुढे ओढला. भावाचे ते दोन कान दिसत होते. त्याला मी हवी होते. आईला मी शब्द दिला होता.

मी माइक सुरू केला.

"त्यांना काढू नका. गुंड्या म्हणजे तोच मुलगा. त्या त्याच्या आई आहेत."

माझा आवाज त्या खोलीत केवढा तरी मोठा निघाला. भावानं झटकन मान वर केली, आवाज कुठून आला ते छताकडे शोधलं. त्याचा चेहरा दिसला, तोंड उघडलेलं. आणि पडदा पांढरा झाला. आपणांस या सुनावणीतून काढण्यात आले आहे.

मी लिंक दाबत राहिले. वकिलांचा फोन लागेना. मग आईचाच आला.

"चार वर्षं," ती म्हणाली. "वकिलांनी सांगितलं."

"हं."

"तू सांगणार होतीस."

"हो गं."

"तुझा आवाज आला म्हणे कोर्टात. त्याच्यासाठी काय बोललीस?"

"त्याच्यासाठी नाही, आई."

जे झालं ते सांगितलं. पाठच्या भावाला ऐन वेळी टाकून परक्या बाईची बाजू घेतलीस, असं ती म्हणणार, म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"मग ठेवलं का तिला आत?"

"माहीत नाही. मला आधीच काढलं."

"विचार की कुणाला तरी."

"आपण कोणत्या तोंडानं विचारणार, आई?"

पलीकडे तिला रडू फुटलं. एवढ्या वर्षभरात ती माझ्यासमोर रडली नव्हती.

"तिला कुणीतरी सांगायला हवं गं," ती म्हणाली. "माझ्यासारखी फोन हातात धरून बसली असेल ती."