चादरीचं दुसरं टोक

मुलींच्या वसतिगृहातल्या धुलाईखोलीत कपडे धुणाऱ्या मावशींचा एकच कायदा होता. चादर एकटीनं घडी करायची नाही. जी समोर असेल तिला हाक मारायची आणि दुसरं टोक तिच्या हातात द्यायचं, मग ओळख असो नसो. मावशी स्वतः कुणाची चादर धरायच्या नाहीत. "माझे हात दुखतात," म्हणायच्या. धादांत खोटं. ओल्या कपड्यांचे गठ्ठे त्या एका दमात उचलायच्या.

पहिल्या वर्षाच्या एका मुलीनं तीन महिन्यांत चकार शब्द काढला नव्हता. एकदा तिच्या कुर्त्याच्या खिशात मावशींना कॉलेज सोडायचा अर्ज सापडला. त्यांचा जीव कळवळला. चौथ्या मजल्यावरची एक उंच मुलगी, सगळ्या तिला लंबू म्हणायच्या, बडबडीत कुणाला हार जायची नाही. तिलाच मावशींनी या मुलीसमोर उभं केलं. पहिल्या दिवशी दोघींनी मिळून चादरीचा पार बोळा केला. महिनाभरानं चादरी संपल्या तरी दोघी बाकड्यावर बसलेल्या असायच्या.

मग अधीक्षक साहेबांचा फतवा निघाला. बाकडं काढा. कपडे घडी करून पिशव्यांत भरा, मुलींना मोबाइलवर निरोप जाईल. त्यांचा वेळ वाचेल.

"वाचलेल्या वेळाचं त्या काय करतील?" मावशींनी विचारलं.

"अभ्यास."

"रडत बसतील. मला विचारा, उशांचे अभ्रे मी धुते."

साहेब म्हणाले, "पटत नसेल तर उद्यापासून येऊ नका."

मावशींचं घर त्यांच्याच पगारावर चालत होतं. तरी त्या सरळ जाऊन बाकड्यावर बसल्या. अंगानं भरभक्कम बाई. त्यांच्यासकट बाकडं हलवायची कुणाची टाप नव्हती.

"मावशी, उठा. तमाशा नको."

त्या उठल्या नाहीत. तेवढ्यात शेजारी कुणीतरी येऊन टेकलं. ती पहिल्या वर्षाची मुलगी होती. तिच्या पाठोपाठ लंबू आली, मग आणखी दोघी दाटीवाटीनं बसल्या.

साहेबांनी नेमकं त्या मुलीकडेच बोट केलं. "तूसुद्धा? तुझ्या घरी कळवतो मी."

मावशींना वाटलं, आता उठते ही. पण ती मान वर करून बोलली, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं.

"कळवा. आणि मी कॉलेज सोडत नाहीये, तेही कळवा."