इद्दिबलबाबांनी खाल्लेली भाकर

सम्राटाचा हुकूम आला तेव्हा आमच्या बंदराच्या चौकात त्याच्या देवांपुढे धूप जाळायला रांग लागली. आम्हा येशूला मानणाऱ्यांनीही जाळायचा, नाहीतर तुरुंग. माझा नवरा अरिश रांगेत उभा राहिला, चिमूटभर धूप निखाऱ्यावर टाकून घरी आला. घर वाचलं, पण माणूस अन्नाला शिवेना.

आमचे बिशप इद्दिबलबाबा मात्र साफ नाही म्हणाले. त्यांना मृत्युदंड झाल्याचं कळलं, तशी खारवायला घेतलेली मासळी तशीच टाकून मी अरिशला म्हणाले, "जा, भेटून ये."

"कुठल्या तोंडाने जाऊ?"

"आहे त्याच. दुसरं कुठून आणणार?"

भाकर आणि ऑलिव्ह घेऊन शेवटी मीच त्याला तुरुंगात ओढत नेलं. बाबांशेजारी मिग्गिन दोरवाला साखळीत होता. धूप जाळत नाही म्हणून त्याची पाठ सोलून काढली होती. अरिशला पाहताच तो थुंकला.

"या, सम्राटाचे जावई! ती भाकर बाहेरच्या कुत्र्याला घाल."

अरिश मागे फिरला.

"थांब रे," बाबा म्हणाले. "मिग्गिन, भूक मला लागलीय, कुत्र्याला नाही."

त्यांनी भाकर मोडली, आशीर्वाद म्हटला आणि अर्धी अरिशच्या हातात ठेवून उरलेली स्वतः खाल्ली.

"बाबा, मी घाबरलो हो."

"मीही घाबरलोय. उद्या माझे पाय डगमगू नयेत एवढं माग देवाकडे. खा आता."

अरिश रडत रडत जेवला. मिग्गिनने भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी बाबांचं शिर उडवलं. पाय डगमगले नाहीत, असं पाहणारे सांगतात.

पुढे सम्राट मेला आणि कैदी सुटले. छळ सोसूनही न वाकलेल्या मिग्गिनच्या शब्दाला आता वजन आलं होतं. प्रार्थनेच्या घराच्या दारात तो आडवा उभा राहिला. "धूपवाल्यांना आत जागा नाही."

अरिशसारखी कितीतरी माणसं बाहेर ताटकळत होती. मी पुढे झाले. "मिग्गिनदादा, बाबांनी अरिशच्या हातची भाकर खाल्ली की नाही? मी त्याची बायको, माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? तूच सांग."

सगळे त्याच्याकडे बघू लागले. खोटं बोलला असता तर कोणी पकडलं नसतं.

"खाल्ली," तो म्हणाला. "मला तेव्हा पटलं नव्हतं, आजही पटत नाही. पण खाल्ली."

आणि तो दारातून बाजूला झाला. अरिशच्या मागोमाग बाकीचेही मान खाली घालून आत आले.

त्या दोघांचं अजूनही फारसं बोलणं नाही. बाबांच्या कबरीभोवतीचं गवत मात्र दोघंच काढतात.