दोन मापांमधली वाढ

मित्रांनो, मी एक जुने सोनोग्राफीचे यंत्र आहे. माझे एक चाक अडते, पण नजर अजून शाबूत आहे. आवाजाच्या लहरी आईच्या पोटात पाठवायच्या आणि परत आलेल्या लहरींतून बाळाचे चित्र पडद्यावर उमटवायचे, हे माझे काम.

कारखान्यातून आले तेव्हा मी दवाखान्याची शान होते. पुढे नवे यंत्र आले आणि माझी रवानगी कोपऱ्यातल्या खोलीत झाली. तिथे एचआयव्ही असलेल्या गरोदर बायकांची तपासणी होई. "त्यांना जुनंच बरं," असे कोणीतरी म्हणाले. हात लावल्याने हा आजार होत नाही, हे त्याच्या गावीही नसावे! मी हिरमुसले. पण तिथल्या नर्समावशी रोज मऊ फडक्याने मला पुसत, म्हणून मी टिकले.

एके दिवशी एक सून आली. सोबत ठेंगणीठुसकी सासू.

"माझ्या धाकट्या सुनेचं पोट बघा," सासू म्हणाली, "दारातून आधी पोट येतं, मग ती येते. आणि हिचं? महिने दोघींचे सारखेच! त्या एचआयव्हीच्या गोळ्यांनीच बाळ खुरटलंय. आजपासून गोळ्या बंद."

"गोळ्या थांबवल्या तर आजार उसळेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग बाळालाही लागू शकतो."

"जगलं तर लागेल ना!"

सून डॉक्टरीणबाईंकडे वळली. ती हळूच म्हणाली, "बाई, मला खरं सांगा. खुरटलंय का हो?"

मी बाळाचे डोके दाखवले, पोटाचा घेर दाखवला, मांडीचे हाड दाखवले. तिन्ही मापे लहान भरली. खोटे मला सांगता येत नाही.

"लहान आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण वाढतंय की थांबलंय, हे एका मापात कळत नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा मापू. तोवर एकही गोळी चुकवायची नाही."

"आई, तेवढं थांबू या," सून म्हणाली. "गोळ्या मी घेणार." सासूने तोंड फिरवले.

तीन आठवड्यांनी दोघी पुन्हा आल्या. माझ्या पडद्याकडे सगळ्यांचे डोळे लागले. डोके वाढले होते. मांडीचे हाड लांबले होते. आणि पोटाचा घेर? तोही हवा तेवढा वाढला होता!

"वाढ अगदी झकास चाललीय," डॉक्टरीणबाई हसल्या. "बाळाची चणच लहान आहे."

"आजीवर गेलंय, दुसरं काय!" नर्समावशींनी सासूला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

सासू आधी फणकारली, मग खुदकन हसली. बाहेर पडताना तिचा आवाज खोलीभर घुमला, "चल, गोळीची वेळ झाली ना तुझी?"

बाळ सुखरूप जन्मले. त्यालाही काही दिवस औषध दिले. पुढे वेळोवेळी रक्त तपासले आणि दीड वर्षाचे झाल्यावर शेवटची तपासणीही निर्दोष आली. त्या दिवशी सासू नातीला कडेवर घेऊन थेट नव्या यंत्राच्या खोलीत शिरली आणि तिथल्या लोकांना म्हणाली, "ही बघा माझी ठेंगणी! आजार नाही, काही नाही!"

मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांना पुसत राहा, आपटू नका. आणि कोणी आई रोज वेळेवर गोळी घेत असेल, तर तिला टोचून बोलू नका, पाण्याचा पेला नेऊन द्या. आता मला जाऊ द्या, बाहेर पुढची आई वाट पाहते आहे.